एच१बी व्हिसा आणि एम्प्लॉयर

एच१बी हा शिकलेल्या परदेशी लोकांना अमेरिकेत नोकरीसाठी मिळणारा तात्पुरता व्हिसा, १९९० च्या इमिग्रेशन कायद्यातून आलेला. आपल्याकडे "त्याने एच१बी फाइल केला" असं सर्रास म्हणतात, पण तो काहीच फाइल करत नाही, करते ती कंपनी. आय-१२९ फॉर्मवर अर्जदार म्हणून कंपनीचं नाव, सही तिची, माणूस नुसता लाभार्थी. हे एकदा डोक्यात बसलं की पुढची सगळी भानगड आपोआप समजते.

आय-१२९ च्या आधी कामगार खात्याकडे एलसीए, म्हणजे त्या भागात त्या कामाला जो चालू पगार आहे त्याहून कमी देणार नाही असं कंपनीने लिहून द्यायचं. त्याची नोटीस ऑफिसात दोन ठिकाणी १० दिवस लावतात (आता ऑनलाइन पण चालते), बऱ्याचदा पँट्रीत मायक्रोवेव्हच्या वर. नाव नसतं पण पोस्ट, गाव, पगार सगळं असतं, त्यामुळे टीममध्ये एकच देसी असेल तर डबा गरम करायला आलेल्या प्रत्येकाला कळतं की हा आकडा कोणाचा!

आणि या सगळ्याच्या आधी मार्चमध्ये रजिस्ट्रेशन आणि लॉटरी. वर्षाला ६५,००० जागा, अमेरिकेत मास्टर्स केलेल्यांसाठी वेगळ्या २०,०००. पूर्वी एकाच माणसाचं नाव चार-पाच कंपन्यांकडून टाकून चान्स वाढवायचे, २०२४ पासून ते बंद, कंपन्या वाढवून चान्स वाढत नाही. युनिव्हर्सिटीत नोकरी असेल तर लॉटरीच नाही.

फाइलिंगची फी आणि वकिलाचा खर्च कंपनीनेच करायचा असतो, प्रोजेक्ट नाही म्हणून बेंचवर बसवलं तरी पगार द्यावा लागतो. कायदा असा आहे, छोट्या कन्सल्टन्सीतले अनुभव विचाराल तर लोक वेगळंच सांगतील. सप्टेंबर २०२५ मध्ये ट्रम्पनी देशाबाहेरून आणायच्या नव्या माणसामागे १ लाख डॉलर लावले, तेही कंपनीच्याच खिशातून.

खरी दोरी मात्र ग्रीन कार्डमध्ये. त्यासाठी पर्म, म्हणजे या कामाला अमेरिकन माणूस मिळत नाही हे कंपनीने दाखवायचं, त्यासाठी पेपरात दोन रविवार जाहिरात, आणि ज्या खुर्चीची जाहिरात तिच्यावर आपण आधीच बसलेलो. मग आय-१४०, म्हणजे ग्रीन कार्डसाठी कंपनीने टाकायचा अर्ज. एका देशाला ७ टक्क्यांची मर्यादा असल्यामुळे भारतीयांची रांग वर्षानुवर्षं हलत नाही, आणि एच१बी तर ६ वर्षांचा, पुढे वाढवायचा तर आय-१४० मंजूर पाहिजे, नाहीतर पर्म किंवा आय-१४० टाकून वर्ष तरी झालेलं पाहिजे. २००० च्या कायद्यापासून नवी कंपनी अर्ज टाकते तेव्हाच तिथे जॉइन होता येतं, जुनी प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेतली आपली तारीख, तीही सहसा टिकते, पण पर्म पुन्हा पहिल्यापासून. म्हणून माणसं बॉस कसाही असला तरी चिकटून राहतात.

नोकरी गेली तर दुसरी शोधायला नाहीतर परत जायला जास्तीत जास्त ६० दिवस. मुदतीआधी कंपनीने काढलं तर परतीच्या प्रवासाचा वाजवी खर्च तिने द्यायचा असतो, राजीनामा दिला तर नाही. आणि तिकीट एकाचंच, बायकोपोरांचं आपलं आपण बघायचं.