फीडिंग जेजुनॉस्टॉमी

फीडिंग जेजुनॉस्टॉमी म्हणजे पोटाच्या भिंतीतून थेट लहान आतड्यात बसवलेली पोषणनळी. अन्ननलिकेच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाला तोंडाने पुरेसे खाता येईपर्यंत तिच्यातून अन्न, पाणी आणि औषधे देतात.

या शस्त्रक्रियेत अन्ननलिकेचा बराचसा भाग काढतात. जठराला नळीसारखा आकार देऊन ते छातीत किंवा मानेपर्यंत वर ओढतात आणि उरलेल्या अन्ननलिकेला जोडतात. हा सांधा नाजूक असतो. तो छातीत गळला तर जिवावर बेतू शकते. दुसरीकडे, घास अडकत असल्याने रुग्णाचे वजन आधीच घटलेले असते आणि त्याला उपाशी ठेवणे परवडत नाही. लहान आतडे मात्र काही तासांतच काम करू लागते. म्हणून सांध्याला विश्रांती देऊन त्याच्या खालून अन्न दिले जाते. शिरेतून पोषण देण्यापेक्षा हा मार्ग स्वस्त असून त्यात जंतुसंसर्गाची भीतीही कमी असते.

१९१३ मध्ये न्यू यॉर्कमध्ये शल्यविशारद फ्रान्झ टोरेक यांनी छातीतील अन्ननलिका यशस्वीपणे काढली, तेव्हा त्यांनी आत सांधा केलाच नाही. मानेवरचे छिद्र आणि पोटावरचे छिद्र त्यांनी शरीराबाहेरून रबरी नळीने जोडले. ती वृद्ध रुग्ण त्या नळीच्या आधाराने जेवत पुढे दहा वर्षांहून अधिक जगली.

आज पोषणनळी बहुधा अन्ननलिकेच्या शस्त्रक्रियेच्या भुलीतच बसवतात. लहान आतड्याच्या सुरुवातीच्या वळणापासून साधारण २०–३० सेंमी पुढची जागा निवडतात. विट्झेल पद्धतीत नळीवर आतड्याची भिंत दुमडून शिवतात आणि छोटा बोगदा तयार करतात. त्यामुळे गळती टळते आणि नळी काढल्यावर छिद्र आपोआप मिटते. मग आतडे पोटाच्या भिंतीला आतून टाचतात. ते एकाच बिंदूवर टाचले तर आतडे त्याभोवती पीळ खाऊ शकते, म्हणून टाके थोड्या रुंदीवर घालतात. नाकातून आतड्यापर्यंत नळी घालण्याचाही पर्याय आहे, पण ती सहज निसटते आणि घरी नेण्यास त्रासाची ठरते.

पहिल्या एक-दोन दिवसांत ताशी १०–२० मिलि वेगाने फीड सुरू करून ते हळूहळू वाढवतात. आतड्याला जठरासारखी साठवण नसते. एकदम जास्त ओतले तर पोटात कळा येतात, जुलाब होतात. फार खंगलेल्या रुग्णात घाई केल्यास रक्तातील फॉस्फेट व पोटॅशियम धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. रक्तदाब टिकवण्यासाठी औषधांचे मोठे डोस चालू असतील तर फीड थांबवावे लागते, कारण रक्तपुरवठा अपुरा पडून आतडे सडण्याचा दुर्मीळ पण जीवघेणा धोका असतो. पोट फुगणे आणि वाढते दुखणे कधीही अंगावर काढू नये.

घरी आल्यावर नळीची खरी जबाबदारी घरच्यांवर येते, आणि ती नीट समजावल्याशिवाय रुग्णाला घरी पाठवणे गैर आहे. प्रत्येक फीड आणि औषधाच्या आधी व नंतर सिरिंजने २०–३० मिलि कोमट पाणी सोडावे. दाट पेज किंवा गाळणीत न गाळलेले मिश्रण नळी तुंबवते. नळी तुंबल्यास जोर लावू नये, तार तर मुळीच घालू नये. औषधे शक्यतो पातळ मागावीत. हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या कुटू नयेत. फीड देताना उशाकडची बाजू उंच ठेवावी. त्वचेजवळ नळीवर खूण करून ती रोज पाहावी. नळी निसटली तर काही तासांतच वाट आकसू लागते, म्हणून लगेच रुग्णालय गाठावे. परत घातलेली नळी आतड्यातच आहे याची क्ष-किरण तपासणीने खात्री होईपर्यंत तिच्यातून काहीही देऊ नये.

तोंडाचे खाणे पुरेसे झाले आणि वजन स्थिरावले की, बहुधा चार ते सहा आठवड्यांनंतर, नळी बाह्यरुग्ण विभागातच काढतात. प्रत्येक रुग्णाला ती हवीच का, यावर शल्यविशारदांत मतभेद आहेत. काही केंद्रे लवकर तोंडाने खायला देऊन ती टाळतात. आधीच खूप वजन घटलेल्या किंवा शस्त्रक्रियेनंतर रेडिएशन, केमोथेरपी घ्यावी लागणाऱ्या रुग्णात मात्र तिचा उपयोग मोठा आहे.