शिशानं गॅमा अडतो, न्यूट्रॉन नाही

‘किरणं आली की शिसं लावा’ हे आपल्या डोक्यात इतकं घट्ट बसलंय की जळगाव एमआयडीसीतला फॅब्रिकेटर असो की एमएस्सीचा विद्यार्थी, न्यूट्रॉन उपकरणाचं, म्हणजे न्यूट्रॉनच्या झोतात (बीममध्ये) नमुना ठेवून तपासणाऱ्या यंत्राचं, ड्रॉइंग समोर ठेवलं की उत्तर एकच येतं: “सर, पाच एमएमचं शिसं मारून देऊ, टेन्शन नका घेऊ.” टेन्शन तिथूनच सुरू होतं.

गॅमाबद्दल जास्त सांगत नाही. एक्स-रे सेंटरमधला शिशाचा एप्रन सगळ्यांनी पाहिलाय. गॅमा असो की एक्स-रे, दोन्ही इलेक्ट्रॉनवर आपटून संपतात. जड अणूत इलेक्ट्रॉन दाटीवाटीनं असतात, म्हणून शिसं चांगलं. जाडी वाढवा, गॅमा कमी होतो.

न्यूट्रॉनला विद्युतभार नाही, त्यामुळे इलेक्ट्रॉनच्या गर्दीतून तो खुशाल जातो. तो अडखळतो फक्त अणुकेंद्रावर. गोटीवर गोटी आपटली की पहिली जवळजवळ थांबते. तीच जात्याच्या पाळूवर आपटली तर तेवढ्याच जोरात उलटी उडते. हायड्रोजनचं केंद्रक न्यूट्रॉनएवढंच, शिशाचं दोनशेपटीहून जड. २ एमईव्हीचा (एमईव्ही हे ऊर्जेचं एकक, दहा लाख इलेक्ट्रॉनव्होल्ट) न्यूट्रॉन खोलीच्या तापमानाच्या वेगावर आणायला हायड्रोजनशी सरासरी १८ टकरा पुरतात, शिशाशी सुमारे १,९०० लागतात. शिशाच्या भिंतीत न्यूट्रॉन नुसता भटकतो आणि बहुतेक वेळा कुठून तरी बाहेर पडतो.

म्हणून हायड्रोजन हवा: पाणी, मेण, काँक्रीट, पॉलिइथिलीन. इथपर्यंत बरेच जण येतात. आणि इथेच थांबतात, हे माझं खरं दुखणं.

न्यूट्रॉन संथ झाला म्हणजे संपला नाही. त्याला कोणत्या तरी केंद्रकानं गिळावं लागतं, आणि गिळताना ते केंद्रक गॅमा सोडतं. साध्या पॉलिइथिलीनमध्ये तो शेवटी हायड्रोजनच गिळतो आणि २.२ एमईव्हीचा गॅमा बाहेर टाकतो. हा गॅमा चांगलाच भेदक. म्हणजे न्यूट्रॉन अडवता अडवता तुम्ही भिंतीतच गॅमाचा कारखाना काढलात! उपाय म्हणजे पॉलिइथिलीनच्या दाण्यातच, म्हणजे वितळवायच्या कच्च्या मालातच, बोरॉन मिसळायचं. नैसर्गिक बोरॉनमध्ये बोरॉन-१० साधारण २० टक्के असतं आणि संथ न्यूट्रॉनची त्याला प्रचंड भूक असते. हायड्रोजनचा नंबर लागायच्या आत ते न्यूट्रॉन गिळतं आणि बहुतेक वेळा फक्त ०.४८ एमईव्हीचा गॅमा सोडतं. त्याला थोडं शिसं पुरतं.

हे शिसं येतं बाहेरच्या बाजूला. आधी हायड्रोजन आणि बोरॉन, मग शिसं. शिसं आत आणि प्लॅस्टिक बाहेर असा उलटा क्रम लावला, तर बीमसोबत आलेला गॅमा अडेल, पण प्लॅस्टिकमध्ये नव्यानं जन्मलेला गॅमा थेट माणसाच्या अंगावर येईल. ड्रॉइंगवर दोन्ही भिंतींची एकूण जाडी सारखीच दिसते, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. (ऑक्सफर्डशायरच्या आयसिससारख्या स्पॅलेशन केंद्रात ८०० एमईव्हीचे प्रोटॉन धातूवर आदळून न्यूट्रॉन उडवतात. तिथल्या अतिवेगवान न्यूट्रॉनना आधी जाड पोलाद लागतं आणि काँक्रीट त्यामागे. ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीवरच्या उपकरणाशी तुलना करताना हे विसरू नका.)

आपल्याकडचा खास घोळ म्हणजे ‘प्लॅस्टिक ते प्लॅस्टिक’. जळगाव पीव्हीसी पाइपांचं गाव, त्यामुळे पीव्हीसीची शीट सुचवली जाणारच. पण पीव्हीसीत वजनाच्या ५७ टक्के क्लोरीन असतं आणि हायड्रोजन पॉलिइथिलीनच्या जेमतेम तिसरा हिस्सा. वर क्लोरीन न्यूट्रॉन गिळून कित्येक एमईव्हीचे गॅमा सोडतं. म्हणजे हवं ते कमी आणि नको ते जास्त. प्लॅस्टिकच्या चटईसाठी रिप्रोसेस दाणा (जुनं प्लॅस्टिक वितळवून केलेला) ठीक आहे. इथे नवा एचडीपीई (जास्त घनतेचं पॉलिइथिलीन) दाणाच घ्या. जुन्या दाण्यात पीव्हीसी, चुना, काय काय आलंय ते कोण सांगणार?

कॅडमियमचा पत्रा कात्रीनं कापता येतो, म्हणून सगळ्यांचा लाडका. पण साधारण अर्ध्या इलेक्ट्रॉनव्होल्टच्या वर तो न्यूट्रॉनना जवळजवळ पारदर्शक असतो, आणि गिळलेल्या प्रत्येक न्यूट्रॉनमागे एकूण ९ एमईव्हीचे गॅमा सोडतो. स्लिटच्या, म्हणजे बीम जाऊ देणाऱ्या अरुंद फटीच्या, कडेला लावा, भिंत म्हणून नको. आणि त्याला गॅसकटर लावलेला मला चालणार नाही, धूर विषारी असतो. स्लिटसाठी माझी पसंती बोरॉन कार्बाइडला, भले ते नेहमीची ड्रिल बिटं खाऊन टाको.

गॅमा आणि न्यूट्रॉनच्या भिंतींत वजन, किंमत हे फरक दुय्यम. एक मात्र लक्षात ठेवा: गॅमाच्या बीममध्ये ठेवलेली वस्तू एरवी किरणोत्सारी होत नाही, न्यूट्रॉनच्या बीममधली होते. ॲल्युमिनियम २.२ मिनिटांच्या अर्धायुष्यानं (किरणोत्सार निम्मा व्हायला लागणारा वेळ) लवकर निवतं. स्टीलमध्ये कोबाल्टचा अंश असेल तर कोबाल्ट-६० तयार होतो आणि ५.२७ वर्षांचं अर्धायुष्य मागे लागतं. नमुन्याजवळचा बोल्ट निवडताना हे बघा. सोनंही किरणोत्सारी होतं, २.७ दिवसांच्या अर्धायुष्यानं, पण तिथे ते कामाचं: बीममध्ये किती न्यूट्रॉन आहेत हे सोन्याच्या पातळ पत्र्यावरून मोजतात.

राहिली भोकं. व्हॅक्यूमची लाइन, थंड पाणी, डिटेक्टरच्या केबल या सगळ्यांना भिंतीतून वाट लागते. सरळ भोकातून गॅमाही येतो, पण न्यूट्रॉन एका वळणावर आपटूनसुद्धा पुढे सरकतो. म्हणून ठोकळ्यांचे सांधे पायरीचे करा आणि केबलच्या वाटेला दोन वळणं द्या. ठोकळे रचतानाच त्या वाटेत नायलॉनची दोरी टाकून ठेवा, नंतर केबल ओढायला दुसरं काही आत शिरत नाही.