स्टेजवर एकट्याने गायचं, हे कॉलेजात कधी शिकवायला लागले?

ठाणे-वाशीकडे संगीतात बीए, एमए करणाऱ्या पोरांची एक तक्रार कायम कानावर येते, की राग येतात, बंदिशी पाठ आहेत, पण ठाण्याच्या गडकरी रंगायतनला अर्धा तास एकट्याने गा म्हटलं की फाफलायला होतं. याचं खापर पोरांवर फोडण्यात काही अर्थ नाही, याची मुळं सव्वाशे वर्षं मागे जातात.

आधी कॉलेज वगैरे भानगडच नव्हती. शिष्य गुरूच्या मागे तानपुरा घेऊन बसायचा, गुरूने मान हलवली की मध्येच चार स्वर लावायचा, आणि आवाज बसलाय तर बुवा कसं निभावून नेतात, तबलजीला लय कशी देतात, लोक चुळबुळ करायला लागले की संथ विस्ताराचा ख्याल आवरून हलक्याफुलक्या ठुमरीवर कसे येतात, हे सगळं तिथे बसून बसून अंगात मुरायचं. अर्थात ही सोय गुरूच्या मर्जीतल्या मोजक्यांनाच, बाकीच्यांना दारातसुद्धा उभं करत नसत, हेही तितकंच खरं.

मग ५ मे १९०१ ला गायक विष्णु दिगंबर पलुस्करांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, १९०८ मध्ये मुंबईत आले. वर्ग, पुस्तकं, नोटेशन, परीक्षा, म्हणजे शाळेसारखं सगळं. तिकडे संगीतशास्त्री विष्णु नारायण भातखंड्यांनी शेकडो बंदिशी गोळा करून छापल्या, दहा थाट (रागांचे गट) बसवले आणि १९२६ ला लखनौचं मॅरिस हे संगीताचं कॉलेज उभं राहिलं. यामुळे गाणं साध्या मध्यमवर्गीय घरात आलं, मुली शिकायला लागल्या, हे उपकार मोठेच. पण वर्गात वीस जण बसले की मार्क कशाला देणार, तर जे मोजता येतं त्याला. आरोह-अवरोह सांग, तोडी आणि मुलतानी या रागांतला फरक गाऊन दाखव, दुगुन कर म्हणजे दुप्पट लयीत म्हण. मैफल मोजायची कशी? माझ्या मते गोम इथेच आहे.

आणि गंमत बघा, पलुस्करांचे जे शिष्य स्टेज गाजवून गेले, ओंकारनाथ ठाकूर, विनायकबुवा पटवर्धन, नारायणराव व्यास, ते नुसते तासाला येऊन जाणारे नव्हते, बुवांच्या सहवासात वाढलेले होते. म्हणजे विद्यालयाच्या आत गुरुकुल चालूच होतं.

पुढे विद्यापीठं आली. बनारस हिंदू विद्यापीठात १९५० मध्ये ओंकारनाथच संगीत विभागाचे प्रमुख झाले, १९५६ ला खैरागडला अख्खं संगीत विद्यापीठ निघालं, आपल्याकडे मुंबईच्या एसएनडीटी महिला विद्यापीठात गायिका प्रभा अत्रे विभागप्रमुख होत्या. गाजते कलाकार प्रोफेसर झाले, पण टाइमटेबल तेच राहिलं. डिग्र्या वाढल्या तरी गवय्ये तयार होईनात अशी ओरड होतीच, आणि सत्तरच्या दशकाच्या शेवटी कोलकात्याला आयटीसी कंपनीने संगीताची अकादमी काढली ती थेट गुरुकुल पद्धतीची, शिष्यांना स्कॉलरशिप देऊन.

संगीताच्या परीक्षा घेणारं गांधर्व महाविद्यालय मंडळ १९३१ चं, पलुस्कर गेले त्याच वर्षीचं, आणि वाशीतही मंडळाचं विद्यालय आहे. पहिल्या प्रारंभिकपासून वरच्या अलंकारपर्यंतच्या परीक्षा इकडच्या घराघरात माहितीयत. परीक्षेच्या खोलीत काय होतं, पोराने विलंबित म्हणजे संथ एकतालात आलाप जरा कुठे रंगवायला घेतला की परीक्षक म्हणणार, ठीक आहे, आता द्रुत, म्हणजे जलद लयीतलं. समोर श्रोते नाहीत, रंगत टिकवायची जबाबदारी नाही. वरच्या परीक्षांना मंचप्रदर्शन असतं ते यावरचाच उतारा, पण वर्षभरात एकदाच मंच मिळाला तर भीड चेपणार कशी?

ठाण्यातलंच उदाहरण घ्या ना, गायक-नट राम मराठे. लहानपणापासून सिनेमा, नंतर संगीत नाटकं, आणि शिक्षण मनोहर बर्वे, मास्टर कृष्णराव, जगन्नाथबुवा पुरोहित अशा कितीतरी जणांकडे. त्यांचं स्टेज रोजच्या पब्लिकपुढे उभं राहून तयार झालं. महापालिका त्यांच्या नावाने महोत्सव भरवते तिथे आपली एमएवाली पोरं बहुतेक खुर्चीत बसलेली असतात, खरं तर त्यांना गायकाच्या मागे तानपुऱ्यावर बसवायला हवं आणि त्याचे क्रेडिट्सही द्यायला हवेत.