पक्ष्यांवरून पावसाचे शकुन (ग्रामीण विदर्भ)

मिरगाच्या आधी पाऊसपाणी कसं राहील हे पक्ष्यांवरून ताडायच्या समजुती. पावशा 'पेरते व्हा' म्हणतो हे पोरासोरांनाही माहीत, ते इथं उगाळत नाही.

खरा घोळ कावळ्याच्या घरट्याचा. आंबा-करंजावर घरटं असलं तर पाऊस बरा, बाभळीवर असलं तर कमी, अन् पार शेंड्यावर असलं तर दुष्काळ. हे शेतकऱ्याच्या निरीक्षणातून आलं असं सहसा सांगतात, विदर्भाच्या जंगलात आयुष्य काढलेल्या वनाधिकारी-लेखक मारुती चितमपल्लींमुळे ते शहरातही पोचलं, पण ज्योतिषी वराहमिहिराच्या बृहत्संहिता या ग्रंथात (साधारण सहावं शतक) कावळ्याच्या शकुनांचा वेगळा अध्यायच आहे आणि त्यात वैशाखात चांगल्या झाडावर घरटं म्हणजे सुकाळ, काटेरी किंवा वाळक्या झाडावर म्हणजे दुष्काळ, असं जवळपास हेच येतं. मग पोथीतून गावात आलं की गावातून पोथीत गेलं? पंचांगवाले आणि सहदेव-भाडळीची वचनं (पाऊस-शकुनांच्या लोकांत चालत आलेल्या म्हणी) यांच्यातून ते खाली झिरपलं हे एक मत. दुसरं, म्हणजे गावातून पोथीत गेलं हे, जास्त पटतं, कारण वराहमिहिरानं गर्गासारख्या आधीच्या ज्योतिषांचंच बरंचसं गोळा केलंय, म्हणजे मूळ त्याहून जुनं असावं. फांदीच्या दिशेचा बारकावा (पूर्वेची चांगली वगैरे) मात्र पोथीचाच वाटतो.

टिटवीची अंडी चार तर चार महिने पाणी, तीन तर तीन. उंचवट्यावर घातली तर पाऊस दणकून, नदीच्या पात्रात घातली तर कोरडं. गंमत म्हणजे टिटवी बहुतेक वेळा चारच घालते, म्हणजे अंदाज बहुतेक चांगलाच निघणार!

चातक अन् पावशा पुष्कळांना एकच वाटतात. तुरेवाला काळापांढरा चातक आफ्रिकेकडून मोसमी वाऱ्यांच्या सुमारास येतो, शिकऱ्यासारखा दिसणारा पावशा इथलाच, दोघंही अंडी घालतात सातभाईच्या घरट्यात. मेघदूतात आहे तो चातक, आणि त्यातला रामगिरी म्हणजे रामटेक हे संशोधक वा. वि. मिराशींचं मत धरलं तर (छत्तीसगडातल्या रामगढचा दावाही आहे) हा उल्लेख विदर्भातलाच ठरतो. पावशा तर भर उन्हाळ्यातच ओरडायला लागतो, त्याच्या भरवशावर तिफण जुंपली तर दुबार पेरणी ठरलेली.

नशिबाचं थोडक्यात: भारद्वाज दिसणं चांगलं, दसऱ्याला नीलकंठ दिसला तर फारच चांगलं, रात्री घरावरून टिटवी ओरडत गेली तर वाईट.

भेंडवळची (ता. जळगाव जामोद) अक्षय्य तृतीयेची घटमांडणी धान्यावरून भाकीत करते, पक्ष्यांवरून नाही, म्हणून इथं घेतली नाही.