४० पीडीयू, ८ पोर्ट

सर्व्हर रूममधला नेटवर्कचा खर्च कमी कसा करावा, याविषयी आमच्या ग्राहकांसाठी

वाळूजच्या आमच्या ऑफिसात ग्राहक दुसरीकडचं कोटेशन घेऊन येतात आणि एकाच ओळीवर बोट ठेवतात: "पीडीयूचे पैसे समजले, पण त्यांच्यासाठी दोन स्विच वेगळे कशाला?" प्रश्न रास्त आहे. बहुतेक ठिकाणी ते स्विच, म्हणजे नेटवर्कच्या केबल एकत्र जोडणारे डबे, लागत नाहीत.

पीडीयू म्हणजे रॅकच्या पाठीमागे उभी बसवलेली पॉवरची पट्टी. आताच्या पट्ट्या किती अँपिअर भार आहे, रॅकमध्ये तापमान किती आहे हे नेटवर्कवरून कळवतात. मे महिन्यात बाहेर ४२ अंश असताना एसी दमला, तर ते सगळ्यात आधी इथे दिसतं. म्हणून पट्टी नेटवर्कला जोडायलाच हवी. फक्त प्रत्येकीसाठी स्विचवर वेगळा पोर्ट, म्हणजे केबल खोचायची जागा, द्यायची गरज नाही.

हिशोब बघा. २० रॅक, प्रत्येकात ए आणि बी या दोन वेगळ्या वीजवाटांच्या दोन पट्ट्या, म्हणजे ४० पीडीयू. प्रत्येकाला स्वतंत्र पोर्ट द्यायचा तर २४ पोर्टचे दोन स्विच हवेत. सरासरी २० मीटरची एक ओढ धरली तरी ८०० मीटर केबल लागते. कॅट-६ चा बॉक्स ३०५ मीटरचा, म्हणजे तीन बॉक्स आणि ते ओढायची मजुरी. आणि या केबलवरून जातं काय? थोडेसे आकडे, दर मिनिटाला एखाद-दोनदा.

मोसंबीच्या बागेत आपण प्रत्येक झाडासाठी विहिरीपासून वेगळी नळी टाकत नाही. एकच लॅटरल टाकतो आणि ती झाडाझाडापाशी ठिबकते. दोन नेटवर्क पोर्ट असलेले पीडीयू तसेच जोडता येतात: पहिल्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात. १०-१० च्या चार साखळ्या केल्या आणि प्रत्येकीची दोन्ही टोकं स्विचला आणली, तर पोर्ट लागतात ८. केबल १६० मीटर, आणि मध्ये ३ मीटरच्या ३६ पॅच कॉर्ड, म्हणजे तयार आखूड केबल.

दोन्ही टोकं का? लॅटरल मध्येच उंदरानं कुरतडली की पुढची झाडं कोरडी राहतात. तिला दोन्हीकडून पाणी असेल तर एक भोक पडल्यानं बाग वाळत नाही. पण अशा कड्यासाठी पीडीयू आणि स्विच दोन्हींत आरएसटीपी चालू हवं; कड्यात डेटा गोल-गोल फिरत राहू नये म्हणून ते एक वाट बंद ठेवतं आणि गरज पडली की उघडतं. जालन्याजवळच्या एका कारखान्यात आम्ही हे न तपासता दुसरं टोक खोचलं. काही सेकंदांत स्विचचे सगळे दिवे एकदम लुकलुकायला लागले आणि ऑफिसचं नेटवर्क ठप्प झालं. चूक आमची होती. तेव्हापासून दुसरं टोक आम्ही आधी सेटिंग स्क्रीनवर पाहून मगच लावतो.

साखळी तुटली तर सर्व्हर बंद पडतील का, असं जवळजवळ प्रत्येक जण विचारतो. नाही. विजेची वाट वेगळी आहे. फक्त आकडे यायचे थांबतात.

ए आणि बी पट्ट्या मात्र एकाच साखळीत कधीही ओवू नका, मग पॅच कॉर्ड कितीही आखूड पडत असली तरी. ए बाजूची वीज गेली की तिच्या पट्ट्यांची नेटवर्क कार्डंही सहसा बंद पडतात. साखळीत एक आड एक पट्टी मेली तर मधल्या बी पट्ट्याही दिसेनाशा होतात. नेमक्या त्याच क्षणी सगळा भार बी वर आलेला असतो आणि ती ३२ अँपिअरच्या मर्यादेच्या किती जवळ पोहोचली हे तुम्हाला पाहायचं असतं. म्हणून ए ची साखळी वेगळी, बी ची वेगळी. इथे चार केबल वाचवण्यात अर्थ नाही.

काही मॉडेलमध्ये पूर्ण साखळीला एकच आयपी पत्ता पुरतो: पहिली पट्टी मुख्य, बाकीच्या तिच्या मागे. पत्ते वाचतात, पासवर्डही एकाच जागी बदलता येतो (कंपनीचा मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला). पण मुख्य पट्टीचं कार्ड बिघडलं की सगळी साखळी गप्प होते, तेव्हा एक जादा कार्ड कपाटात ठेवा. एका साखळीत किती पट्ट्या चालतात हे प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं. आम्ही १० च्या वर जात नाही.

मेन पॅनेलमधल्या वीजमीटरना तर इथरनेटचीही गरज नसते. आरएस-४८५ च्या एकाच जोडवायरीवर असे ३२ वीजमीटर, १२०० मीटर अंतरापर्यंत चालतात, आणि एक गेटवे त्यांचे आकडे नेटवर्कवर आणतो. वायरमनला एवढंच सांगा: वायर मीटरमधून मीटरकडे जाऊ दे, एका जागेवरून फाटे फोडू नको, आणि दोन्ही टोकांना १२० ओहमचा रेझिस्टर लाव.

तुमच्याकडे तीन-चारच रॅक असतील आणि स्विचमध्ये पोर्ट रिकामे असतील, तर यातलं काहीच करू नका. पट्ट्या सरळ स्विचला जोडा. साखळीसाठी महागडं मॉडेल घेण्यात तुमचा फायदा नाही.

भेटायला येताना रॅकची संख्या, पीडीयूचं लेबल वाचता येईल असा फोटो आणि स्विचचा मॉडेल नंबर आणा. जुन्या पट्ट्यांना दुसरा पोर्ट आहे का, हे आम्ही फोटोवरून लगेच सांगतो.