‘ते आतुआ’: गोगँच्या लाकडी ठशातले देव

फ्रेंच चित्रकार पॉल गोगँचं ‘ते आतुआ’, म्हणजे ‘देव’, हे लाकडी ठशावरून छापलेलं मुद्राचित्र १८९३-९४ च्या हिवाळ्यात पॅरिसमध्ये तयार झालं. देव पॅसिफिक महासागरातल्या ताहिती बेटाचे, पण ताहितीत दोन वर्षं राहूनही गोगँला त्यांची पूजा कुठे पाहायला मिळाली नव्हती.

ती त्याच्या जन्माआधीच मोडली होती. १७९७ मध्ये लंडनचे मिशनरी बेटावर उतरले. राजा दुसरा पोमारे त्यांच्या बाजूला गेला आणि १८१५ ची लढाई त्याने जिंकल्यावर जुन्या देवांच्या मूर्ती नष्ट करण्यात आल्या. १८८० मध्ये फ्रान्सने बेट खालसा केलं. जून १८९१ मध्ये गोगँ ताहितीच्या राजधानीत, पापेएतेला पोचला तेव्हा लोक केव्हाच ख्रिस्ती झाले होते.

देव त्याला सापडले ते मोरेनहूट या व्यापाऱ्याने १८३७ मध्ये छापलेल्या प्रवासवर्णनात. त्यातल्या कथा त्याने वहीत उतरवून घेतल्या. एका कथेत चंद्रदेवी हिना पृथ्वीचा देव तेफातू याला विनवते, की माणूस मेल्यावर पुन्हा जिवंत होऊ दे. तेफातू नाही म्हणतो. या संवादावर गोगँने १८९३ मध्ये तैलचित्र केलं, ते चित्रकार एदगार दगा याने विकत घेतलं. हीच जोडी ‘ते आतुआ’तही आहे. मूर्तींची रूपं मात्र त्याला स्वतःच घडवावी लागली. अशा वेळी जावातल्या बोरोबुदूर या बौद्ध स्तूपाच्या शिल्पांचे जवळ बाळगलेले फोटो त्याच्या कामी येत.

नोव्हेंबर १८९३ च्या प्रदर्शनात पॅरिसला त्याची ताहितीची चित्रं फारशी कळली नाहीत. ती उलगडून सांगायला ‘नोआ नोआ’ हे पुस्तक लिहायचं त्याने ठरवलं आणि त्यासोबत दहा ठसे कोरले, ‘ते आतुआ’ त्यातलाच एक. मासिकांतल्या बारीक कोरीवकामासाठी तेव्हा वापरत तेच बॉक्सवूड हे कठीण लाकूड त्याने घेतलं, पण सुईने ओरखडलेल्या रेषांशेजारी रुंद, ओबडधोबड खोदकाम केलं. त्याने स्वतः छापलेल्या प्रती एकसारख्या नाहीत. शाई कुठे दाट, कुठे पुसट, आकृत्या अंधारातून अर्ध्याच वर येतात. कधीच न पाहिलेल्या देवांसाठी याहून खरी छपाई मला सुचत नाही.

मित्र लुई रॉयने १८९४ मध्ये काढलेल्या प्रती गडद आणि सपाट झाल्या, नाजूक रेषा त्यात बुडाल्या. १९२१ मध्ये गोगँचा मुलगा पोला याने कोपनहेगनमध्ये शंभर प्रती काढल्या. त्यात कोरलेली रेष न् रेष स्पष्ट दिसते, पण तो अंधार नाही. त्यामुळे संग्रहालयात हे चित्र भेटलं, तर प्रत कोणाच्या हातची आहे ते आधी पाहावं.