पक्षाघातातील 'पुशिंग' : निदानाची आणि उपचाराची पार्श्वभूमी

अर्धांगवायूचा रुग्ण लुळ्या बाजूला कलला, की तिकडे बळ नाही म्हणून कलला, असे गृहीत धरले जाते. काही रुग्ण मात्र चांगल्या हातापायाने स्वतःलाच त्या बाजूला रेटतात आणि कोणी सरळ करू लागले तर घाबरून विरोध करतात. या वर्तनाला 'पुशर सिंड्रोम' हे नाव 1985 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये काम करणाऱ्या एका फिजिओथेरपिस्टने दिले. अवयवाकडे दुर्लक्ष होणे वगैरे लक्षणेही तिने त्यातच धरली होती. 1996 च्या कोपनहेगनमधील अभ्यासात ती जोडी टिकली नाही. त्यात सुमारे 10 टक्के रुग्णांमध्ये पुशिंग आढळले आणि त्यांना सावरायला साडेतीन आठवड्यांहून अधिक काळ जास्त लागला.

खरा वाद पुढचा आहे. 2000 मध्ये जर्मन संशोधकांनी अशा पाच रुग्णांना डोळे मिटवून कलत्या खुर्चीत बसवले, तेव्हा शरीर चांगल्या बाजूला सुमारे 18 अंश झुकलेले असतानाच त्यांना आपण सरळ आहोत असे वाटले. नजरेने मात्र ते उभी रेषा अचूक ओळखत होते. म्हणजे बिघाड स्नायूंचा नसून शरीराच्या उभेपणाच्या जाणिवेचा, आणि नजर शाबूत. दाराची चौकट किंवा खांब दाखवून रुग्णाला स्वतःचा कल स्वतः ओळखायला लावण्याची, 2003 मध्ये सविस्तर मांडली गेलेली पद्धत याच निष्कर्षावर उभी राहिली. पण 2008 मध्ये फ्रेंच गटाला नेमके उलटे आढळले : जाणिवेतील उभी रेषा लुळ्या बाजूला झुकलेली, आणि नजरेने ठरवलेली उभी रेषाही त्याच बाजूला. मोजण्याची साधने वेगळी होती, हे खरे. तरीही लुळ्या बाजूला रेटणाऱ्या रुग्णाचे वर्तन फ्रेंच निष्कर्षातून अधिक सरळपणे उलगडते, असे मला वाटते.

हा प्रकार दुर्मीळ म्हणायचा का, हेही व्याख्येवर ठरते. नुसते कलणेही धरणाऱ्या 'लॅटेरोपल्शन' या व्यापक संज्ञेखाली 2022 च्या एका आढाव्यात प्रमाण निम्म्याहून अधिक आले. वॉर्डात मात्र आजही अशा रुग्णाला 'सहकार्य करत नाही' असा शेरा मिळतो आणि त्याला ढकलून सरळ केले जाते, ज्याने त्याचा रेटा वाढतोच. वास्तविक सहा महिन्यांनंतर तीव्र पुशिंग क्वचितच उरते. म्हणूनच ते पहिल्याच आठवड्यात, रुग्णाला पलंगाच्या कडेला बसवताना, ओळखले जायला हवे.